चौऱ्याण्णव वटवाघळं आणि काचेची होडी

एकदा एक शिष्या आपल्या गुरूकडे आली, ती प्रश्न घेऊन नव्हे, उत्तर घेऊन. माझा अनुभव असा आहे, की प्रश्न घेऊन येणारा माणूस दारात घुटमळतो, पाणी मागतो, इकडचं तिकडचं बोलतो. उत्तर घेऊन येणारा थेट ओसरीवर चढतो आणि कागद पुढे करतो. हिनेही तेच केलं.

तिचं नाव शमिका घाडी, वय एकोणतीस. गुरू म्हणजे विश्राम तळेकर सर. शाळेत त्यांनी तिला जीवशास्त्र शिकवलेलं. आता सत्तरी ओलांडून ते खाडीकाठच्या आपल्या घरात एकटेच राहत. गुरू म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे शुभ्र दाढी आणि मृगाजिन आलं असेल, तर ते कृपा करून पुसून टाका. सरांच्या अंगात बनियन होतं आणि ते विळीवर बसून नारळ खवत होते.

कागदात काय होतं, ते आधी सांगतो. गावामागच्या डोंगरात एक गुहा आहे आणि गुहेच्या खालच्या अंगाला झऱ्याचं एक कुंड आहे. गावाला उन्हाळ्यात पाणी पुरत नाही, म्हणून पंचायतीने पाण्याच्या टाकीचं काम काढलं होतं. तालुक्याहून आलेल्या नकाशात जागा दोनच दाखवलेल्या: एक तर गुहा फोडून तिथे टाकी करायची, नाहीतर कुंड तळापासून काठापर्यंत सिमेंटने बांधून त्याचीच टाकी करायची. सरपंच सुगंधा वराडकर बाई समंजस. त्या म्हणाल्या, डोंगरातल्या जीवजंतूंवर ही शमिका चार वर्षं अभ्यास करते आहे, तिला विचारू आणि ती म्हणेल ते करू. एवढा विश्वास हल्ली कोण कुणावर टाकतं?

आता गुहेत राहतं एक चिमुकलं वटवाघूळ, नाकावर पानासारखी पाकळी असलेलं. ही जात या एका गुहेखेरीज कुठेच आढळलेली नाही. मादीला वर्षाला पिल्लू होतं एकच. आणि कुंडात राहते शमिकेची होडी. होडी हे तिनेच ठेवलेलं लाडाचं नाव. शास्त्रात त्या कुळाला डायाटम म्हणतात. एका पेशीचं शेवाळ असतं ते, पण स्वतःभोवती काचेची डबी बांधून राहतं. डबीचा आकार होडीचा आणि तीवर नक्षी अशी, की सोनाराने लाजावं. मोहरीच्या एका दाण्यावर अशा शेकडो होड्या सहज मावतील. हीदेखील या एका कुंडाखेरीज कुणाला कुठे दिसलेली नव्हती, आणि तिला पहिल्यांदा ओळखलं ते शमिकेनेच.

तर एक जीव डोळ्यांना दिसणारा, एक न दिसणारा. दोघांचंही घर एकेकच, आणि दोहोंतलं एक जाणार. शमिकेने कागदावर मधोमध रेघ मारून दोघांची तुलना केली होती. डाव्या बाजूला वटवाघूळ: चार वर्षांपूर्वी एकशे चाळीस, यंदा चौऱ्याण्णव. उजव्या बाजूला होडी: कुंडाच्या तळाच्या चमचाभर गाळात दोन लाख. खाली निष्कर्ष लिहिला होता, 'वटवाघूळ संकटात आहे, डायाटम विपुल आहे. गुहेला हात लावू नये. कुंड बांधून घेण्यास हरकत नाही.' त्याची एक प्रत ती त्याच सकाळी सरपंचबाईंना देऊन आली होती. तो सोमवार होता. गुरुवारी काम सुरू व्हायचं होतं.

"सर, चार वर्षांचं ओझं उतरलं," ती म्हणाली. "वटवाघळं वाचली."

सरांनी कागद वाचला, पुन्हा वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला. उठले, कोनाड्यातली वेताची टोपली काढली आणि तिच्या हातात दिली.

"जेवूनच जा आता. तिसऱ्यांची एकशिपी कर. खोबरं मी खवलंच आहे. तिसऱ्या त्या बाजूच्या माडाखाली आहेत, हव्या तेवढ्या घे."

ज्यांनी कधी खाडीकाठ पाहिला नाही, त्यांच्यासाठी सांगतो. तिसऱ्या म्हणजे खाडीच्या चिखलात सापडणाऱ्या शिंपल्या. त्या उघडून ज्या अर्ध्या शिंपेला मांस चिकटलेलं असतं, तेवढी ठेवून जे कालवण करतात, ती एकशिपी. शमिका त्याच मुलखातली, तिला हे सांगायला नको होतं. ती खुशीत माडाखाली गेली आणि तिथेच उभी राहिली.

माडाखाली शिंपल्यांचा ढीग होता, चांगला कमरेएवढा. शेजारच्या बायका वर्षानुवर्षं तिसऱ्या खाऊन शिंपा तिथे टाकत आल्या होत्या. उन्हाने पांढऱ्याफटक पडलेल्या, कोरड्या ठणठणीत. तिने ढिगात हात घालून पाहिलं, खालपर्यंत उकरलं. वासालाही काही उरलं नव्हतं. ती तशीच रिकामी टोपली घेऊन परतली.

"सर, त्या रिकाम्या आहेत."

"पण आहेत ना पुष्कळ?" सर म्हणाले. "नीट मोजल्यास का? ढीग बराच मोठा आहे. माझ्या अंदाजाने लाखाच्या वर भरतील."

"सर, ती टरफलं आहेत."

"असू देत. मोजून ये, मग बघू."

आता खरं सांगू? शमिका मनातून वैतागली. तिला वाटलं, सरांचं वय झालं. एकटं राहून माणूस थोडा विचित्र होतो. एवढं मोठं काम करून आले, शाबासकी राहिली बाजूला, हे मला टरफलं मोजायला लावताहेत. पण शाळेपासूनची सवय, सरांना उलटून बोलायची नाही. ती परत माडाखाली जाऊन बसली आणि रागारागाने मोजू लागली. चाळीस झाल्या, पन्नास झाल्या. साठाव्या का सत्तराव्या शिंपेला तिचा हात थांबला. तिने ती शिंप उलटी केली, सुलटी केली, आणि तशीच हातात घेऊन ती उठली.

ती ओसरीवर आली तेव्हा तिचा चेहरा पाहून सरांनी विळी आडवी केली आणि तिला समोर बसवलं.

"वटवाघळं कशी मोजलीस?" त्यांनी विचारलं.

"संध्याकाळी गुहेच्या तोंडाशी बसून. बाहेर पडेल तसं एकेक."

"म्हणजे जे उडालं ते मोजलंस. गुहेत मरून पडलेल्यांची हाडं नाही मोजलीस."

"नाही."

"आणि होडी?"

तिने हातातली शिंप खाली ठेवली. मग म्हणाली, "तळाचा गाळ काढला. आम्लात उकळला. धुतला. काचपट्टीवर घेऊन मोजल्या."

"आम्लात उकळल्यावर काय उरतं?"

"डबी," शमिका म्हणाली. "काचेची रिकामी डबी."

इथे तुम्ही म्हणाल, चार वर्षं शिकलेल्या मुलीला एवढंही कळू नये? थांबा, घाई करू नका. तिच्या विद्येची रीतच ती आहे. डबीवरची नक्षी पाहिल्याशिवाय जात ओळखता येत नाही, आणि आतला जीव जाळून टाकल्याशिवाय नक्षी नीट दिसत नाही. म्हणून या लोकांना रिकामी डबी पाहायची इतकी सवय होते, की तिलाच ते जीव म्हणू लागतात. काच कुजत नाही. दहा वर्षांपूर्वी मेलेली होडी आणि काल मेलेली होडी दोघी गाळात शेजारी शेजारी पडून असतात आणि भिंगाखाली सारख्याच चकाकतात. ही चूक मूर्खाला करताच येणार नाही. त्यासाठी अभ्यासच लागतो.

सर सावकाश बोलले. त्यांचं ते बोलणं मी जसंच्या तसं देतो, कारण गोष्टीचा जीव त्यातच आहे.

"शमिका, तुलना करणं वाईट नाही. ज्याला दोहोंतून निवडायचं आहे, त्याने तुलना केलीच पाहिजे. पण तू एकाचे श्वास मोजलेस आणि दुसऱ्याची कवचं मोजलीस, आणि दोन्ही आकडे एका रेघेच्या दोन बाजूंना मांडलेस. जो जीव रोज तुझ्यासमोर कमी होत होता, त्याची तुला काळजी वाटली, हे योग्यच झालं. पण ज्याचं कवच टिकाऊ असतं, त्याचं मरण कुणाच्या लक्षात येत नाही. ते कधीचं संपलेलं असतं आणि ढीग मात्र वाढतच असतो. विपुल म्हणण्याआधी त्यातलं एक तरी हलताना पाहावं." मग थोडं थांबून ते म्हणाले, "आणि यात माझाही दोष आहे. तुला पहिली काचपट्टी मीच दाखवली होती. तीही उकळलेलीच होती. जिवंत दाखवायचं मला सुचलं नाही."

"मी जिवंत होडी शेवटची पाहिली त्याला चार वर्षं झाली," शमिका म्हणाली. "सर, ती आता नसेलच तर? आणि असेल तर गुरुवारी मीच तिच्यावर सिमेंट ओतणार आहे."

"तर मग आज सोमवार आहे," सर म्हणाले. "कुळथाची पिठी आणि भात तयार आहे. चार घास खा आणि कामाला लाग."

तिने चार घास खाल्ले की दोन, ते मला माहीत नाही. दुपारपासून सरांच्या ओसरीवर सूक्ष्मदर्शक मांडला गेला. या खेपेला गाळ नको आणि आम्लही नको. कुंडातलं ताजं पाणी आणायचं, थेंब काचेवर ठेवायचा आणि पाहायचं. सोमवारी तिने चाळीस थेंब पाहिले. दुसऱ्या जातीचे डायाटम होते, हिरवं शेवाळ होतं, इवल्या इवल्या अळ्या होत्या. होडी नव्हती. मंगळवारी तिने कुंडातल्या दगडांवरचं शेवाळ खरवडून आणलं, पाणवनस्पतींची पानं पिळून आणली. होडी नव्हती. रिकाम्या डब्या मात्र अधूनमधून वाहत येत, आणि प्रत्येक डबी दिसली की ती भिंग पुढे-मागे करून पाही, तर आत काही नसे. मंगळवारी संध्याकाळी ती सरांना म्हणाली, "मला वाटतं, मीच उशीर केला." सांत्वन करता येण्याजोगं ते नव्हतंच, आणि खोटं सांत्वन करण्याची सरांना सवय नव्हती.

बुधवारी सकाळी ती कुंडावर पोचली, तर टाकी बांधणारा बाबल मेस्त्री आधीच तिथे हजर. उद्याच्या कामाची जागा बघायला आला होता. हातात तारेचा ब्रश होता आणि तो झऱ्याच्या तोंडाशी उकिडवा बसला होता. जांभ्या दगडाच्या भेगेतून पाणी झिरपतं आणि एका उतरत्या कातळावरून कुंडात ओघळतं, तिथे. त्या कातळावर तपकिरी, बुळबुळीत थर होता.

"काय करताय, मेस्त्री?" तिने विचारलं.

"थंय पाय सरकता," बाबल म्हणाला. "पयला तां खरवडूक होया, नायतर सिमेंट धरूचा नाय. उद्याची वाट कित्याक बघू?"

चार वर्षांत शमिका त्या कातळावरून दोनदा घसरून पडली होती, पण तिथला थर तिने कधी घेतला नव्हता. गाळ घ्यायचा तर तळाशी जायचं, ही रीत. तिने मेस्त्रीचा ब्रश धरलेला हात धरला, अक्षरशः धरला, आणि म्हणाली, "एक तास थांबा. माझ्यासाठी एक तास." बाबल बिचारा घाबरला. त्याला वाटलं, तिथे विंचू आहे.

नखाएवढा थर कुपीत घेऊन ती धावत ओसरीवर आली. थेंब काचेवर ठेवला, भिंगाला डोळा लावला. होडी होती. पण या होडीचं पोट रिकामं नव्हतं. आत सोनेरी, मधासारखा रंग भरला होता. होडी जागची हलली, संथपणे, एका बाजूला वळून, कुणी वल्हवल्यासारखी. तिच्या मागून दुसरी आली. मग काठाने तिसरी.

शमिका रडली. उगीच सभ्य शब्द कशाला शोधू, हुंदके देऊन रडली. सरांनी तिला बाजूला सारून स्वतः भिंगाला डोळा लावला आणि बराच वेळ ते उठलेच नाहीत. "चालली आहे," ते एवढंच म्हणाले. पन्नास वर्षं जीवशास्त्रात घालवलेला माणूस, पण ते त्यांच्याही पाहण्यात पहिल्यांदाच येत होतं.

सुटल्यासारखं वाटतं न वाटतं तोच तिला आठवलं, की अर्धंच काम झालंय. कुंड वाचवायचं तर दिलेला शब्द मागे घ्यायला हवा. आणि तो मागे घेतला, तर नकाशात उरते एकच जागा, ती म्हणजे गुहा. चौऱ्याण्णव वटवाघळं. ती डोकं धरून बसली. "सर, मी आता काय सांगू? हिला वाचवा म्हणू की त्यांना?"

"जे पाहिलंस ते सांग," सर म्हणाले. "तेवढंच तुझं आहे. निवाडा करायची घाई तू सोमवारीच केलीस."

सर तिच्याबरोबर गेले नाहीत. जावं असं तिला फार वाटत होतं, पण ते पुन्हा विळीवर बसले. बाबल मेस्त्री मात्र बरोबर निघाला, कारण त्याचा तास केव्हाच संपला होता आणि काम आहे की नाही, हे त्यालाही कळायला हवं होतं.

सुगंधाबाई पंचायतीच्या कचेरीत होत्या. शमिकेने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. टरफलांचं सांगितलं, आम्लाचं सांगितलं, कातळावरच्या थराचं सांगितलं. आपण चुकलो हे तिने आडवळणाने नाही सांगितलं. म्हणाली, "काकी, सोमवारचं माझं पत्र चुकीचं आहे. मी मेलेल्या मोजल्या आणि पुष्कळ आहेत असं लिहिलं."

सुगंधाबाईंनी कपाळाला हात लावला. "अगो बाय, सोमवारी एक सांगलंस, आज दुसरा सांगतंस. उद्या तिसरा सांगतलंस. गावान करूचा काय?"

शमिकेने मान खाली घातली. बाईंनीही मग आवाज उतरवला. त्या चिडल्या होत्या, पण ती मुलगी आपण होऊन चूक सांगायला आली आहे, हे न कळण्याइतक्या त्या कोत्या नव्हत्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "कितकी जागा होयी गो तिका, त्या तुझ्या होडीक?"

हा प्रश्न चार वर्षांत शमिकेला कुणी विचारला नव्हता, आणि तिने स्वतःलाही विचारला नव्हता. तिने दोन्ही हात पसरून दाखवलं. "झऱ्याच्या तोंडाचा कातळ. सुपाएवढा. फार तर दोन सुपं. आणि त्यावरून पाणी वाहतं राहिलं पाहिजे."

"दोन सुपां?" दाराशी उभा असलेला बाबल मेस्त्री मध्येच बोलला. "मगे कुंडाक हात कित्याक लावूचो? कुंड भरला की सांडीतसून पाणी भायर फुकट जाताच हा. दहा पावलां खाली टाकी बांधूया, सांडीक नळी लावूया. पाणी उतरून येतलाच, तां काय वर चढतला? गुहा नको नि कुंड पण नको."

सुगंधाबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "बाबल, तां आधी कित्याक नाय सांगलंस?"

"माका कोणी इचारलांच नाय," बाबल म्हणाला. "माका सांगलास, कुंड बांध."

मग सुगंधाबाई हसू लागल्या, आणि हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले. त्यांनाही कुंड बुजवायचं नव्हतंच. सोमवारपासून त्यांना झोप लागली नव्हती, हे त्यांनी नंतर सांगितलं. मनाला पटत नव्हतं, पण शिकलेल्या मुलीने लेखी दिलंय म्हटल्यावर आपण अडाण्याने काय बोलावं, असं त्यांना वाटलं होतं. नवी जागा ग्रामसभेने मान्य करायची आणि तालुक्याहून नकाशा बदलून आणायचा, म्हणजे दोन महिने लांबणार. लांबू दे, त्या म्हणाल्या.

शमिकेने आपलं पत्र परत मागितलं. बाईंनी ते दिलं नाही. म्हणाल्या, फाडू नको, याच्याच खाली लिही. म्हणून तिने आपल्याच निष्कर्षाखाली लिहिलं, 'वरील मोजणी मृत कवचांची आहे. जिवंत डायाटम फक्त झऱ्याच्या मुखाशी आढळले. त्यांची संख्या मला ठाऊक नाही.' खाली सही केली. घरी जाताना ती सरांकडे डोकावली आणि म्हणाली, की चार वर्षांत लिहिलेलं सगळ्यांत खरं वाक्य ते शेवटचं आहे, आणि ते लिहिताना इतकं हलकं का वाटलं, ते कळत नाही. सर म्हणाले, कळण्याची घाई नाही.

गोष्ट इथे संपते. तात्पर्य सांगायचा मला कंटाळा आहे, पण एक सांगतो. हे लिहिताना माझ्या फोनमध्ये चारशेच्या वर नावं आहेत. माणसांची मला काही वाण नाही, असं मी चारचौघांत बोलतही असतो. मगाशी लेखणी खाली ठेवली आणि त्यातल्या एका नावाला फोन लावला. सहा वर्षं लावला नव्हता. घंटा वाजत राहिली, वाजत राहिली, आणि मी फोन ठेवणार एवढ्यात पलीकडून झोपमोड झालेला, करवादलेला आवाज आला, "आहे रे, आहे. बोल."